काचेमागची मराठी

आमच्या घरात हिवाळा आला की तो आधी नाकाला कळायचा. शिकागोजवळच्या शॉमबर्गमधल्या त्या भाड्याच्या टाउनहाउसमध्ये जिन्याच्या कठड्यावर माझे ग्लोव्ह्ज, शिन गार्ड, एल्बो पॅड असा सगळा संसार वाळत पडलेला असायचा, आणि खालून आईच्या वांग्याच्या भाजीची फोडणी वर चढत यायची. दोन्ही वास जिन्याच्या मध्यावर भेटायचे आणि तिथून पुढे जोडीनं घरभर फिरायचे. ओळखीच्या मराठी काकू आल्या की सोफ्यावर अंग चोरून बसायच्या. एकीनं एकदा विचारलं, "काही जळतंय का हो?" आई शांतपणे म्हणाली, "नाही, वाळतंय." हॉलमध्ये बुद्धाचा आणि बाबासाहेबांचा फोटो होता आणि त्याच्या खालच्या कोपऱ्यात माझी हॉकीची स्टिक टेकवलेली असायची. आई म्हणायची, ती काठी तिथून हलवा. बाबा म्हणायचे, "राहू दे ना. तो पण अभ्यासच आहे." आणि खरोखर आमच्याकडे बर्फावरची हॉकी हा खेळ नव्हताच, तो अभ्यास होता, त्यात नापास व्हायची सोय नव्हती.

बाबा नागपूरचे. दिवसभर कॉम्प्युटरसमोर बसणारा, चष्मा पुसत बोलणारा माणूस, पण कॉलेजात कबड्डी खेळलेला. चांगलं खेळायचे म्हणे. विद्यापीठाच्या संघात त्यांचं नाव लागलं होतं आणि मग ते नव्हतं. "वरून नाव कापलं," एवढंच ते सांगायचे. वरून म्हणजे कुणी, आणि का, हे विचारायची आमच्या घरात कुणाला गरज पडली नाही. आम्ही अमेरिकेत आलो तेव्हा मला इंग्रजी धड येत नव्हतं. कंपनीच्या कुठल्याशा फॅमिली डेला सगळ्यांना रिंकवर नेलं होतं. मी दोन-दोन मोजे घालून बर्फावर धडपडत होते, पडत होते, उठत होते, आणि बाबा माझ्याकडे नाही, पलीकडच्या रिंकवर हॉकी खेळणाऱ्या पोरांकडे बघत उभे होते. बराच वेळ बघून ते आईला म्हणाले, "ही तर कबड्डीच आहे. फक्त दम धरायचा नाही." आई म्हणाली, "आणि पडल्यावर खाली माती नाही." पण तोवर बाबा चौकशीच्या काउंटरवर पोचले होते.

त्या पहिल्या काळाबद्दल मला वाईट बोलवत नाही. बाबांनी गॅरेजमधून गाडी बाहेर काढली, कायमची, आणि आत फरशीवर मास्किंग टेपनं रेषा आखल्या. शनिवारी दुपारी मी स्टिक घेऊन एका रेषेवर उभी राहायची आणि बाबा समोरून चढाईला यायचे, हात पुढे, पायात जुने स्नीकर्स, तोंडानं कबड्डी कबड्डी चालू. शेजारचे लोक कुत्रा फिरवताना थबकून बघायचे. "हात बघू नको," बाबा सांगायचे, "हात फसवतात. पाय पण फसवतात. कंबर बघ. कंबर जिकडे जाईल तिकडे माणूस जातो, मग तो कितीही शहाणा असो." मी कंबर बघायला शिकले. समोरचा किती लांब ठेवायचा, कधी मागं सरायचं, कधी एकदम अंगावर जाऊन त्याला कडेला दाबायचं, हे सगळं मी त्या गॅरेजमध्ये शिकले. दमलो की आई आतून पोळीचे तूप-साखरेचे रोल आणून द्यायची आणि आम्ही दोघं फरशीवर बसून खायचो. मी तेव्हा बाबांवर जीव टाकत होते. आता माझी चाळिशी उलटलीये, तरी रस्त्यात समोरून कुणी आलं की माझी नजर आधी त्याच्या कंबरेकडे जाते. लोकांचे फार गैरसमज होतात.

त्या कबड्डीमुळेच मला टीममध्ये घेतलं, हे कबूल करायला हवं. मुलींची टीम लांब होती आणि बाबांच्या मते लेचीपेची होती, म्हणून मी मुलांच्या टीममध्ये, डिफेन्सला. अख्ख्या टीममध्ये मी एकटी मुलगी आणि एकटी काळीसावळी. कोच डेल म्हणून आमचे कोच होते, सतत च्युइंगम चघळणारे, कमी बोलणारे. पहिल्याच महिन्यात त्यांनी बाबांना विचारलं, ही पोरगी पक, म्हणजे ती खेळायची रबरी चकती, बघतच नाही, समोरच्याचं धड बघते, हे हिला कुणी शिकवलं? बाबा नुसते हसले. घरी आल्यावर मात्र त्यांनी ते वाक्य आईला तीनदा सांगितलं, भारतात फोन लावून काकाला सांगितलं. मी पायऱ्यांवर बसून ऐकत होते आणि फुगत होते. पण त्या दिवसापासून शनिवारची दुपार बदलली. हसणं कमी झालं. रोल खायच्या आधी बाबा विचारायचे, "आज काय चुकलं, सांग." आणि मी सांगितल्याशिवाय डबा उघडायचा नाही.

रिंकवरच्या आईबापांबद्दल लिहायचं तर वेगळं पुस्तक होईल. ऑफिसात गुड मॉर्निंग म्हणताना मान झुकवणारी माणसं रिंकभोवतीच्या त्या काचेपाशी आली की त्यांच्या अंगात काय संचारायचं कोण जाणे. आमच्या रायन नावाच्या फॉरवर्डचे वडील दातांचे डॉक्टर होते, मृदू आवाजाचे. त्यांनी एकदा रेफरीच्या दिशेनं कॉफीचा भरलेला कप भिरकावला, तो काचेवर फुटला आणि कॉफी ओघळत असताना ते पलीकडून स्वतःच्या पोराला शिव्या देत होते. एक बाई गाईच्या गळ्यातली घंटा घेऊन यायची. बाप मंडळी काचेला नाक लावून उभी राहायची, स्केट कर, मार, उठ, झोपलास का, आणि पोरं हेल्मेटच्या आत मान खाली घालून पळायची. शेवटी क्लबनं मीटिंग बोलावली आणि ताकीद दिली की बाहेरून कुणीही कोचिंग करायचं नाही, फक्त टाळ्या वाजवायच्या, नाहीतर पोराला बाकावर बसवू. सगळ्यांनी माना डोलावल्या. बाबांनीही डोलावली. गाडीत बसल्यावर म्हणाले, "इंग्लिशमध्ये करू नका म्हणाले. मराठी कोणाला समजून राहिली इथं?"

आणि मग ते सुरू झालं. बाबा काचेपाशी इतरांपासून जरा लांब, कोपऱ्यात उभे राहायचे. आधी बोटातल्या अंगठीनं काचेवर टकटक. मग आवाज. "मागं बघ. रेषा सोडू नको. येऊ दे, येऊ दे, आता धर. घे अंगावर." बाकीच्या लोकांना वाटायचं हा भारतीय गृहस्थ काहीतरी स्वतःशीच पुटपुटतोय, प्रार्थनाबिर्थना. रायनची आई एकदा मला म्हणाली, तुझे डॅड तुझ्यासाठी प्रे करतात, हाउ स्वीट. मी हो म्हणाले. बर्फावर किती गोंगाट असतो हे ज्यानं ऐकलं नाही त्याला सांगून कळायचं नाही. स्केटची खरखर, कडेच्या फळ्यांवर पक आपटल्याचा धाडकन आवाज, शिट्ट्या, ती घंटा, आणि सगळा आरडाओरडा इंग्रजीत. त्यात मराठी एकच. माझ्या कानाला दुसरं काही ऐकूच यायचं नाही. घरी आई मराठीत बोलली की मी इंग्रजीत उत्तर द्यायला लागले, आणि आईला वाटलं पोरगी अमेरिकन झाली. तसं नव्हतं. मराठीत कुणी बोललं की माझी मान आखडायची. आता मी न्यू जर्सीत राहते, तरी तिथल्या आयसेलिनच्या देशी बाजारात भाजी घेताना मागून एखादी बाई आपल्या पोराला म्हणाली, "मागं बघ," की माझे खांदे वर जातात आणि मी हातातली मेथी घट्ट धरते.

परतीचा प्रवास सगळ्यात वाईट. मॅच संपली की बाबा पार्किंगमध्ये काही बोलायचे नाहीत, पहिल्या सिग्नललाही नाही. हायवेला लागलो, गाडीनं वेग घेतला की म्हणायचे, "तर." एवढंच. तर, दुसऱ्या पिरियडला तो उंच पोट्टा तुला चकवून गेला तेव्हा तू काय बघत होती? तर, तुला ठोकलं तेव्हा तू खाली काहून पडून राहिली? कोच बघून राहिले ना. आई पुढच्या सीटवरून हात मागं करून मला पोळीचा रोल द्यायची आणि म्हणायची, "आधी खाऊ द्या तिला." बाबा म्हणायचे, "खा, खा. खाता खाता ऐक." आई नागपुरात शाळेत शिक्षिका होती, इथं व्हिसामुळे घरी बसलेली. तिचं इंग्रजी पुस्तकातलं, तोंडातलं नव्हे. दुकानात काही बदलून घ्यायचं असेल तर घरून वाक्य पाठ करून जायची. रिंकवर ती सगळ्यात वरच्या पायरीवर थर्मास घेऊन बसायची, कुणाशी बोलायची नाही, आणि लोकांना वाटायचं या बाईला काही कळत नाही.

तो सीझन आमच्यासाठी मोठा होता. शिकागोकडच्या सगळ्यात वरच्या टीमसाठी माझं नाव चर्चेत होतं, आणि विस्कॉन्सिनमधल्या एका टूर्नामेंटला त्या टीमचे कोच मला बघायला येणार होते. बाबांनी हे महिनाभर आधीपासून जेवताना, दात घासताना, गाडी चालवताना इतक्या वेळा सांगितलं की मला स्वप्नातही तो माणूस दिसायचा, तोंड नसलेला, हातात पेन असलेला. टीममध्ये घेतलं तर पुढे कॉलेज, आणि मग कोणी वरून नाव कापू शकत नाही, असं बाबांचं गणित होतं. आई एकदाच म्हणाली, "अहो, तिला विचारलं का?" बाबा तिच्याकडे असे बघायला लागले, जणू तिनं मीठ कुठाय हे विचारण्याऐवजी पृथ्वी कुठाय हे विचारलं.

शनिवारच्या मॅचला, दुसऱ्या पिरियडमध्ये, मी कोपऱ्यात पकमागं गेले. काचेवर अंगठीची टकटक ऐकू आली, "मागं बघ" ऐकू आलं, आणि मी बघितलं, म्हणजे मान वळवली, आणि तेवढ्यात दुसऱ्या बाजूनं एक धिप्पाड पोरगा सगळ्या वेगानिशी येऊन आदळला. डोकं फळीवर गेलं. दुखलं नाही. सगळे आवाज एकदम बंद झाले, टीव्हीचा आवाज कुणी शून्यावर आणावा तसे. मग उभी राहिले. दिवे दुप्पट होते. मला बाकावर नेलं आणि तिथून मागच्या पॅसेजमध्ये, जिथं काळी रबरी मॅट घातलेली असते. टूर्नामेंटच्या ट्रेनर, म्हणजे खेळाडूंची दुखापत बघणाऱ्या, जोॲन नावाच्या पिकल्या केसांच्या बाई, माझ्यासमोर उकिडव्या बसल्या. चांगली बाई होती. त्या काळी आजच्यासारखे कडक नियम नव्हते, डोक्याला लागलं तर चार प्रश्न विचारायचे आणि उत्तरं बरोबर आली तर परत पाठवायचं. त्यांनी विचारलं, आपण कोणत्या गावात आहोत?

मला माहीत नव्हतं. मला एक पाटी आठवत होती, हायवेवरची, पण तिच्यावरची अक्षरं आठवत नव्हती. तेवढ्यात पाठीवर हात आला. बाबा माझ्या मागं येऊन उभे राहिले होते, आणि ते बोलत होते. इतक्या हळू, इतक्या मऊ आवाजात ते माझ्याशी कित्येक महिन्यांत बोलले नव्हते. "मॅडिसन, बेटा," ते म्हणाले. "मॅडिसन म्हण. दुसरा पिरियड चालू आहे. आपण एका गोलनं पुढे आहोत, शेवटचा रायननं मारला. सकाळी मिलवॉकीच्या टीमशी खेळलो. घाबरू नको." आणि मी एकेक करून म्हटलं. मॅडिसन. दुसरा. रायन. मिलवॉकी. जोॲनबाई माझ्या डोळ्यांत टॉर्च मारत बाबांकडे बघून हसल्या आणि म्हणाल्या, तिला किती छान धीर देताय, सगळे बाप असे असते तर माझं काम सोपं झालं असतं. मला रडू येत होतं, ते दुखण्याचं नव्हतं. मला वाटत होतं, बाबा किती प्रेमानं बोलतायत. तो हात पाठीवरून निघूच नये असं मला वाटत होतं.

तिसरा पिरियड मला आजही आठवत नाही. रायननं नंतर सांगितलं की मी एकदा दुसऱ्याच टीमच्या बाकाकडे निघाले होते आणि त्यानं माझी जर्सी ओढून मला आणलं, आणि वरती बसलेले लोक हसले. आम्ही जिंकलो. तोंड नसलेल्या त्या कोचना तोंड होतं, लालसर, मिशांचं, आणि त्यांनी बाबांशी हात मिळवला, हे मला बाबांनी सांगितलं. उद्याची मॅच बघून नक्की करू, असं ते म्हणाले होते.

रविवारी सकाळी मोटेलच्या ब्रेकफास्टमध्ये मी वाफल तोंडात घेतलं आणि टेबलावरच ओकले. खिडकीतून ऊन येत होतं, ते डोळ्यात सुईसारखं घुसत होतं. बाबा म्हणाले, दूध खराब असेल इथलं. आईनं मला बाथरूममध्ये नेलं, तोंड धुतलं, पदर नव्हता म्हणून स्वेटरच्या बाहीनं पुसलं. मग माझी हनुवटी वर करून म्हणाली, "काल शेवटचा गोल कुणी मारला गं?" आणि मी दाराकडे बघितलं. आई म्हणाली, "तिकडे काय बघतेस?" मी म्हणाले, "बाबा कुठायत?" ती म्हणाली, "बाबा कशाला हवेत? तू सांग." मी म्हणाले, "बाबा सांगतात ना." आईचा हात माझ्या हनुवटीखाली तसाच राहिला. वर्षानुवर्षं परीक्षेच्या वर्गात पोरांच्या नजरा बघितलेली बाई होती ती. उत्तर येत नसलं की पोर कुठे बघतं, हे तिला सांगावं लागत नव्हतं.

रिंकवर पोचलो तेव्हा जोॲनबाई दाराशीच होत्या. काल लागलं होतं म्हणून परत एकदा तपासणार होत्या, तसा त्यांचा रिवाज होता. मी पूर्ण गिअर घालून त्या रबरी मॅटवर उभी. कोच डेल बाजूला, च्युइंगम चघळत. बाबा माझ्या मागं, हात पाठीवर. थोड्या अंतरावर आई, हातात थर्मास. जोॲनबाईंनी विचारलं, आज कोणता वार? बाबा मऊ आवाजात म्हणाले, "रविवार, बेटा." मी म्हणाले, संडे. त्यांनी विचारलं, काल कुणाशी खेळलात? बाबांनी तोंड उघडलं, आणि आई म्हणाली, "एक्सक्यूज मी, मॅडम. ही इज टेलिंग हर द आन्सर्स."

सगळे तिच्याकडे बघायला लागले. तोवर त्या लोकांनी तिचा आवाजच ऐकलेला नव्हता. जोॲनबाई म्हणाल्या, आय ॲम सॉरी? बाबा हसले. ऑफिसातलं हसणं होतं ते, मी ओळखत होते. ते इंग्रजीत म्हणाले, माझ्या मिसेसचं इंग्लिश तितकंसं चांगलं नाही, ती गोंधळलीये, मी फक्त मुलीला धीर देतोय. आणि मग तोंड न वळवता, त्याच हसऱ्या चेहऱ्यानं आईला मराठीत, "गप बस. आयुष्याचा प्रश्न आहे तिच्या." आई म्हणाली, "तेच म्हणते मी." आणि पुन्हा, एकेक शब्द सुटा करून, फळ्यावर लिहिल्यासारखं, "ही. इज. टेलिंग. हर. द आन्सर्स. इन मराठी. यस्टरडे ऑल्सो. शी डझ नॉट नो. शी व्हॉमिटेड." मला आजपर्यंत कळलेलं नाही की ती वाक्यं तिनं गाडीत पाठ केली होती की तिथंच सुचली.

जोॲनबाईंनी बाबांना हात करून दोन पावलं मागं जायला सांगितलं. मग मला विचारलं, आत्ता आपण कोणत्या गावात आहोत, स्वीटी? कालच उत्तर सांगितलं होतं मी. मी मान वळवून बाबांकडे बघितलं. बाबांचे ओठ मिटलेले होते. त्यांची अंगठी मागच्या रेलिंगवर वाजत होती, टक टक, टक टक, त्यांना स्वतःला ते कळतही नसावं. मग कोच डेलनी पुढे होऊन माझ्या हेल्मेटचा पट्टा सोडला आणि हेल्मेट काढून आईच्या हातात दिलं.

परत येताना आई माझ्याबरोबर मागं बसली. तिचा हात माझ्या डोळ्यांवर होता, हाताला हळदीचा आणि थर्मासमधल्या चहाचा वास. हायवे लागला, गाडीनं वेग घेतला, आणि बाबा "तर" म्हणाले नाहीत. शॉमबर्ग येईपर्यंत म्हणाले नाहीत. मी वाट बघत होते. कसली सवय असते बघा माणसाला.

तो हिवाळा मी वरच्या खोलीत, खिडक्यांना चादरी लावून काढला. वाचायचं नाही, टीव्ही नाही, शाळा नाही. अक्षरं बघितली की ती पानावरून चालू लागायची. आई अंधारात माझ्या उशाशी बसून तिच्या वर्गातल्या पोरांच्या गोष्टी सांगायची, कोण बाकाखाली लपायचं, कोण डबा चोरून खायचं, हळू आवाजात, मराठीत, आणि त्यात मला काही करायला सांगितलेलं नसायचं. मी आज हे मराठीत लिहू शकते ते त्या चार महिन्यांमुळे. बाबा खोलीत यायचे नाहीत. ते जिन्यावर येऊन बसायचे, रिकाम्या कठड्याला टेकून, आणि अंगठी वाजायची. एके दिवशी खाली त्या दोघांचं बोलणं मला ऐकू आलं. बाबा म्हणाले, "माझ्या पोरीचं नाव तू कापलं." आई म्हणाली, "हो, कापलं. पुन्हा वेळ आली तर पुन्हा कापीन." त्यानंतर ताटं वाढल्याचा आवाज आला आणि बाकी काही नाही. पुढे कित्येक वर्षं त्यांच्यात ताटं वाढणं आणि बिलं भरणं एवढंच उरलं होतं. वसंत आला तेव्हा बाबा माझे स्केट्स धार लावून घेऊन आले. मी घालून बघितले, पायाला लहान झाले होते. ते स्केट्स त्यांनी टाकले मात्र नाहीत. चुकलो, असं ते त्या वेळी म्हणाले नाहीत आणि नंतरही कधी म्हणाले नाहीत. मला त्याचा राग आहे. उजव्या डोळ्यामागं ठणका उठला की तो राग ताजा होतो, आणि ठणका आजही महिन्यातून एकदोनदा उठतो.

आई आता नाही. बाबा त्याच गावात, त्याच घरात एकटे राहतात. या पानझडीत त्यांच्या शेजारणीचा मला फोन आला की तुझे डॅड गाडी घेऊन सकाळी भाजी आणायला गेले आणि संध्याकाळी पोलिसांना रिंकच्या पार्किंगमध्ये सापडले, इंजिन चालू ठेवून, कुणाचीतरी वाट बघत. मी विमानानं गेले. डॉक्टरकडे नेलं. डॉक्टर तरुण मुलगी होती, बोलायला गोड. बाबांना ठाऊक होतं की आज नीट उत्तरं आली नाहीत तर गाडी जाणार, आणि गाडी गेली तर ते घर सुटणार. येताना रस्त्यात ते मला तीनदा म्हणाले, "माझी गाडी जाऊ देऊ नको, सुजू." इस्त्रीचा शर्ट घालून ते खुर्चीच्या टोकावर ताठ बसले होते. शंभरातून सात सात वजा करायला सांगितलं ते त्यांनी झरझर केलं, इंजिनीअर माणूस. मग तिनं विचारलं, आत्ता कोणता महिना चालू आहे?

बाबांची अंगठी टेबलावर वाजायला लागली. ते वळले आणि माझ्याकडे बघितलं. अगदी मऊ आवाजात म्हणाले, "सुजू, सांग ना. हळूच सांग. तिला कुठं समजून राहिलं." डॉक्टर हसून म्हणाली, तुमच्याशी किती प्रेमानं बोलतात ते. उत्तर माझ्या जिभेवर होतं. एक शब्द होता, आणि तो सांगितला असता तर ते त्या दिवशी स्वतः गाडी चालवत घरी गेले असते, आणि उद्या, परवा, कुणाच्यातरी पोरासमोरून गेले असते. मी डॉक्टरकडे बघून म्हणाले, "ही इज आस्किंग मी फॉर द आन्सर्स."

बाबा माझ्याकडे बघत राहिले. इंग्रजी त्यांना पहिल्यापासूनच चांगलं येतं. रागावतील असं वाटलं होतं, पण ते रागावले नाहीत. म्हणाले, "आईवर गेली तू. पूर्ण."

डॉक्टरनं विचारलं, काय म्हणाले? मी तिला सांगितलं की ते म्हणतात मी माझ्या आईसारखी आहे. तिला ते फार आवडलं. मग तिनं पुढचा प्रश्न विचारला, आणि या वेळी बाबांनी माझ्याकडे बघितलं नाही.